मानपत्रात राहून गेलेले नाव

सौ. सुलोचना तांडेल यांना मी प्रथम पाहिले ते १९९८ सालच्या ऑगस्ट महिन्यात, आमच्या ग्रंथालयाच्या दारात. विद्यापीठाने मालवणात जे अभ्यासकेंद्र काढले आहे, तिथे ग्रंथपाल म्हणून माझी नुकतीच नेमणूक झाली होती. कणकवलीहून सकाळच्या एसटीने आले होते. खांद्याला पिशवी, हातात निथळणारी छत्री आणि डोक्यात ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा ताजा अभिमान. दारात उंच, सडपातळ, पदर घट्ट खोचलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी हात आडवा धरला.

"छत्री भायर ठेव. आणि कार्ड खंय आसा?"

मी म्हटले, "मी विद्यार्थिनी नाही. नवी ग्रंथपाल आहे."

त्यांनी मला एकदा नीट पाहून घेतले आणि क्षणात कचेरीतल्या मराठीवर आल्या. "असं होय? मग या, मॅडम. पण छत्री बाहेरच राहू दे. तुम्ही कोण ते पुस्तकांना कळत नाही."

मी छत्री बाहेर ठेवली. बारा वर्षे झाली, अजून बाहेरच ठेवते.

या महिन्यात सुलोचनामावशींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्याच दिवशी त्या सेवेतून निवृत्त होत आहेत. केंद्राच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा पहिला लेख माझ्याकडे मागितला. ग्रंथालय परिचर या पदावरील व्यक्तीसाठी असा ग्रंथ निघाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मला याचा आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. मावशींविषयी मनापासून लिहायचे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय चालणार नव्हते, आणि त्या गोष्टीत माझी बाजू चांगली नाही. ती लिहू का, असे मी त्यांना विचारले. "लिवा. पण खरा लिवा. गोड करू नका," एवढेच त्या म्हणाल्या.

मावशींचे शिक्षण सातवीपर्यंत. माहेर आणि सासर दोन्हीकडे होड्या. यजमान अजून समुद्रावर जातात, आई मालवणच्या बाजारात मासे विकत असे. केंद्र सुरू झाले तेव्हा मावशी झाडलोटीच्या कामावर लागल्या आणि पुढे ग्रंथालयात परिचर म्हणून कायम झाल्या. पुस्तके पुसणे, परत आलेली पुस्तके जागेवर लावणे, वाचनकक्षावर लक्ष ठेवणे, एवढेच त्यांचे काम कागदावर होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे मात्र त्यांनी असे पाठ केले होते, की एखादे पुस्तक एक घर जरी चुकीच्या जागी गेले, तरी त्यांना ते लांबून खुपत असे.

मी आले त्या वर्षी मी सगळे ग्रंथालय शास्त्राप्रमाणे नव्याने लावायला काढले. मासळीविषयीची पुस्तके तोवर एकाच कपाटात होती. मी ती वर्गांकाप्रमाणे वेगवेगळी केली. माशांच्या शरीररचनेची एका मांडणीत, मासेमारीची दुसऱ्या, होड्यांची तिसऱ्या. मावशी पुस्तके उचलून देत होत्या आणि म्हणत होत्या, "मॅडम, ह्या लोकांका गावाचा नाय, सापडाचा नाय. आमका होडी आणि मासो येगळो नाय." मी त्यांना दशांश वर्गीकरणाची पद्धती समजावून सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले. आठवड्याने पाहते तर कपाटाच्या जुन्या जागी दोरीने एक वही टांगलेली. कुठले पुस्तक कुठे हलवले ते त्यात मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेले. माझ्या शास्त्राला त्यांनी धक्का लावला नव्हता आणि वाचकाचीही सोय झाली होती. त्या दिवसापासून मी निर्णय घेण्याआधी मावशींना विचारू लागले.

त्यांच्या शिस्तीचे किस्से या ग्रंथात अनेकांनी लिहिले असतील. मी एकच सांगते. सिंधुदुर्गनगरीहून एका मोठ्या साहेबांचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. साहेबांना संदर्भ विभागातला एक जाड ग्रंथ घरी हवा होता. संदर्भाचे ग्रंथ बाहेर देत नाहीत, पण साहेबांना नाही कसे म्हणायचे म्हणून मी घुटमळत होते. मावशी शिपायाला म्हणाल्या, "साहेबांना सांगा, पुस्तक इथून हलत नाही. साहेब हलू शकतात." चार दिवसांनी साहेब खरेच आले. मावशींनी त्यांना खिडकीजवळची जागा दिली, पंखा सुरू केला, ग्रंथ आणून ठेवला, शिवाय बाजूला पाण्याचा तांब्याही ठेवला. साहेब तीन तास वाचत बसले. जाताना म्हणाले, "कित्येक वर्षांनी इतका वेळ वाचलं."

आणि मायेचे काय सांगावे! खारेपाटणहून शुभांगी नावाची एक मुलगी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम. ए. करत होती. लग्न झालेले, कडेवर पाच महिन्यांचे बाळ. दोन एसट्या बदलून ती आली आणि दारातच रडू लागली, कारण बाळ गप्प राहीना आणि वाचनकक्षात सगळे वळून पाहू लागले. पुस्तके तशीच परत करून ती निघाली होती. मावशींनी तिच्या कडेवरून बाळ काढून घेतले. "पोर माझ्याकडे ऱ्हवतला. तू बस आणि वाच. एसटी किती वाजता आसा तुझी?" त्या दिवशी मावशींनी बाळाला खांद्यावर टाकून मागच्या व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. परीक्षा होईपर्यंत दर शनिवारी हेच चालले. शुभांगी आज कणकवलीत हायस्कूलमध्ये शिकवतात, आणि या ग्रंथाच्या संपादक मंडळात आहेत.

आता ती गोष्ट.

प्राणिशास्त्राच्या एक संशोधक बाई आमच्याकडे काही आठवडे अभ्यासाला येत होत्या. त्यांची अडचण अशी की, मच्छीमार जी नावे सांगत ती पुस्तकांत नव्हती, आणि पुस्तकांतली नावे मच्छीमारांना ठाऊक नव्हती. एका दुपारी त्या रंगीत चित्रांचा मोठा इंग्रजी ग्रंथ उघडून हताश बसल्या होत्या. टेबल पुसायला आलेल्या मावशी चित्राकडे पाहून सहज म्हणाल्या, "ह्यो गोब्रो." पान उलटले. "ही तांबोशी. ह्यो लेपो." संशोधक बाईंनी लेखणी उचलली. मावशींनी हात पुसले आणि आपल्या खणातून एक वही आणली.

ती वही मी तोवर पाहिली नव्हती. आमच्याकडच्या प्रत्येक सचित्र ग्रंथातील पानांचे आकडे एका बाजूला, आणि समोर त्या पानावरच्या माशाचे मालवणी नाव. हाच मासा लहान असताना काय म्हणतात, देवगडकडे काय म्हणतात, कुठल्या महिन्यात जाळ्यात येतो, तेही. सातवी शिकलेल्या बाईने, एक अक्षर इंग्रजी न वाचता, केवळ चित्रांवरून, कित्येक वर्षे फावल्या वेळात हे केले होते. मी विचारले, "हे कशासाठी लिहिलंत?" त्या म्हणाल्या, "पुस्तकात आमचे मासे आसत, पण आमचीच नावा नायत. माका बरा दिसला नाय."

पुढची दोन वर्षे दुपारच्या निवांत वेळात आम्ही दोघी बसत होतो. केंद्रात नवा संगणक आला होता. मावशी वही पाहून सांगत, मी टंकलिखित करत असे आणि प्रत्येक नावापुढे शास्त्रीय नाव शोधून घालत असे. कुठे शंका आली की मावशी म्हणत, "थांबा, उद्या सांगतंय." दुसऱ्या दिवशी पक्के उत्तर येई. त्या काळात त्या माझ्याशी पूर्ण मालवणीत बोलू लागल्या होत्या. कचेरीतली मराठी आमच्यातून कधी गेली ते कळलेही नाही.

सूची पूर्ण झाली. केंद्राने तिची लहानशी पुस्तिका छापली. मुखपृष्ठाचा मजकूर मी दिला: "संकलन: सौ. वृंदा प्रभू, ग्रंथपाल." आत, आभारांत, शेवटच्या ओळीत "ग्रंथालयातील सर्व सहकारी" असे शब्द होते. मी हे मुद्दाम केले का? त्या वेळी मला तसे वाटले नाही. केंद्राच्या प्रकाशनावर ग्रंथपालाचे नाव असायचे, ही रीतच आहे, असे मी स्वतःला सांगितले. पण छापखान्यात मजकूर देताना माझा हात क्षणभर थांबला होता, हे मला आठवते. ज्याला आपण चुकतो आहोत हे ठाऊक नसते, त्याचा हात थांबत नाही.

त्यानंतर विद्यापीठाचे परिपत्रक आले. ग्रंथालयातील उत्कृष्ट सेवेसाठी पुरस्कार. पात्रता ग्रंथपाल व सहायक ग्रंथपाल यांनाच. केंद्रसंचालकांनी माझे नाव पाठवले आणि मला पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. परत आल्यावर केंद्रातही छोटा समारंभ झाला. मानपत्र मोठ्याने वाचले गेले. किनाऱ्यावरील मत्स्यनामांची सूची परिश्रमपूर्वक तयार करणाऱ्या ग्रंथपाल, असे त्यात होते. टाळ्या झाल्या. मावशी पेढ्यांचे तबक घेऊन भिंतीपाशी उभ्या होत्या.

सगळे गेल्यावर मी ग्रंथालयात आले. मानपत्र माझ्या टेबलावर टेकवून ठेवलेले होते आणि मावशी त्याच्यासमोर उभ्या राहून, ओळींखाली बोट फिरवत, सावकाश वाचत होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या. परत वरून सुरुवात केली. मग माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, ह्येच्यात माझा नाव खंय आसा?"

मी म्हटले, "मावशी, पुरस्काराच्या अर्जात एकाच नावाला जागा होती. नियमच तसा आहे."

"अर्जात जागा नाय, ता समाजला. आपण छापला त्या पुस्तकात होती मां?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"माका वायट वाटला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आले नाही. तबक उचलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. पुस्तके लावली, टेबले पुसली, वाचकांशी नेहमीसारख्या बोलल्या. मी काही विचारले तर म्हणाल्या, "हो, मॅडम." "आणून देते, मॅडम." "झालं आहे, मॅडम." सगळे शुद्ध मराठीत. कामात तसूभर कसूर नाही, पण आमच्यात जी भाषा होती ती त्यांनी परत नेली होती. वहीही खणात नव्हती, त्यांनी ती घरी नेली होती. मी दिवसचे दिवस ते "हो, मॅडम" ऐकत राहिले. कोणी तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर मला इतके लागले नसते.

तिसऱ्या आठवड्यात मी विद्यापीठाला पत्र लिहिले: सूचीचे मूळ काम सौ. तांडेल यांचे आहे, मानपत्रात तशी दुरुस्ती व्हावी. उत्तर आले की, संबंधित कर्मचारी पुरस्काराच्या कक्षेत येत नसल्याने विचार करता येत नाही. मग मी केंद्रसंचालकांकडे गेले आणि पुस्तिका नव्या मुखपृष्ठासह पुन्हा छापण्याची परवानगी मागितली.

"मॅडम, पुरस्कार मिळाल्यावर तुम्ही सांगणार की काम दुसऱ्याचं आहे? तुमची केवढी फजिती होईल!"

"ती झालेलीच आहे, सर. फक्त लोकांना ठाऊक नाही."

"आणि परिचराचं नाव मुखपृष्ठावर? उद्या सगळेच मागतील."

"ज्यांनी काम केलं असेल त्यांनी मागावं. नसेल छापायचं, तर मी पुरस्कार परत करते आणि कारण कळवते."

ते बराच वेळ कागद चाळत राहिले. अखेर त्यांनी सही केली. आज ते इथे नाहीत, पण ती सही त्यांनी केली याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे.

नव्या पुस्तिका आल्या तेव्हा मी कर्मचारी आणि विद्यार्थी यांना वाचनकक्षात बोलावले आणि जे घडले ते उभी राहून सांगितले. सूची कोणी केली, मी काय छापले, मानपत्रात काय आले. मग मावशींना पुढे बोलावून पहिली प्रत दिली. मुखपृष्ठावर होते: "संकलन: सौ. सुलोचना तांडेल." खाली लहान अक्षरांत, "शास्त्रीय नावे व टंकलेखन: सौ. वृंदा प्रभू."

टाळ्या वाजत होत्या. मावशींनी मुखपृष्ठ वाचले. पाने उलटली, शेवटचे पान पाहिले, पुन्हा पहिले पाहिले. मला वाटले, आता काही बोलतील. त्यांनी विचारले, "आणि माझ्या आवशीचा?"

आवशीचे, म्हणजे आईचे नाव इथे कसे, ते मला कळेना.

"शंका इली काय मी 'उद्या सांगतंय' म्हणा होतंय मां? ती नावा खंयसून हाडी होतंय? सांजची बाजारात जावन आवशीक विचारी होतंय. अर्धी नावा तिना सांगल्यानी. तिचा नाव नाय, मगे माझा तरी कित्याक?"

मी दोन वर्षे त्यांच्या शेजारी बसले होते आणि 'उद्या' कुठून येतो हे मी एकदाही विचारले नव्हते. मावशींनी माझ्या टेबलावरची लेखणी घेतली, खुर्ची ओढून बसल्या, आणि पहिल्या प्रतीवर आपल्या नावाशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिले, "व श्रीमती आनंदी मेतर, मासे विक्री, मालवण बाजार." मग दुसरी प्रत घेतली. मी शेजारी बसून पुस्तिका उघडून पुढे सरकवत राहिले. शेवटची प्रत झाली तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी अवघडलेली बोटे मोकळी केली आणि माझ्याकडे पाहिले.

"चला, मॅडम. आता चाय घेवया. दमलंय."

मालवणीत! मी घाईने उठले ते डोळे पुसण्यासाठी, हे त्यांना कळले असणार.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बाजारात गेलो. आनंदीआजी टोपलीपाशी बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. मावशींनी नावावर बोट ठेवून वाचून दाखवले. आजींनी पुस्तिका उलटीसुलटी केली, आतले बांगड्याचे रेखाचित्र पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यो बांगडो जरा बारीक काढल्यानी." आम्ही तिघी हसलो. आजी आता नाहीत. पण पुढच्या छपाईत त्यांचे नाव छापील अक्षरांत आले, हे त्यांनी पाहिले.

मला मावशींबद्दल कृतज्ञता वाटते ती केवळ बारा वर्षांच्या मदतीसाठी नाही. त्यांनी मला क्षमा केली, असे लोक म्हणतात. तसे नाही. त्यांनी आधी विचारले, मग चूक सुधारेपर्यंत वाट पाहिली, आणि सुधारलेल्या चुकीतली उरलेली चूकही दाखवून दिली. आपले श्रेय मागताना संकोच करू नये आणि दुसऱ्याचे देताना विसरू नये, या दोन्ही गोष्टी एकाच बाईंच्या ठायी असू शकतात, हे मी त्यांच्यामुळे पाहिले. आज आमच्या ग्रंथालयातून जे काही छापले जाते, त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव असते. पुस्तके बांधणाऱ्याचेही. नवीन आलेल्यांना ही इथली जुनी पद्धत वाटते. ती किती जुनी आणि कुणामुळे, हे या ग्रंथाच्या निमित्ताने त्यांना कळावे.

निवृत्तीनंतर काय करणार, असे मी परवा विचारले. मावशी म्हणाल्या, यजमानांना आणि त्यांच्या होडीवरच्या जोडीदारांना वाऱ्यांची जितकी नावे येतात, तितकी आता लिहून काढायची आहेत. "मासे झाले. वारे ऱ्हवले. म्हातारे गेले काय सांगतलो कोण?" त्यासाठी त्यांनी वाचक म्हणून सभासदत्वाचा अर्ज भरला आहे. इतकी वर्षे या पुस्तकांत वावरून त्यांच्या नावावर एकही पुस्तक दिले गेले नव्हते, हे मला अर्ज हातात आल्यावर लक्षात आले. सध्याच्या संचालकांनी तो त्याच दिवशी मंजूर केला.

मावशी, तुम्हांला दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघे दुखतात म्हणता, तर पायऱ्या सावकाश चढा. खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी मोकळी असेल. तुमचे डोळे शाबूत राहोत, वारे सांगणारी माणसे तुम्हांला भरपूर भेटोत. आणि काही चुकलेले दिसले, तर समोर कोण बसले आहे हे न पाहता असेच सरळ विचारत राहा. आम्हां शिकलेल्या माणसांना तुमच्या प्रश्नांची अजून फार वर्षे गरज आहे.